हमरापूरचा गोलकीपर

२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजेला आमच्या घरात शस्त्रं तीन. माझं पेन, प्रणिताचा फळ्यावरचा लाकडी कंपास आणि सुरभीची हॉकीची काठी. काठी पाटावर मावेना म्हणून तिरकी ठेवली, तर झेंडूची माळ घसरून थेट कंपासावर. प्रणिता म्हणाली, "बापाची पोर आहे. सरळ कशी राहील."

सोनं द्यायला आलेल्या शेजाऱ्यांनी दरवर्षीचा प्रश्न विचारला. मी दरवर्षीचं उत्तर दिलं. मैदानावरची नव्हे, बर्फावरची हॉकी. त्यांनी दरवर्षीप्रमाणे खिडकीबाहेर पाहिलं. पेणमध्ये बर्फ मिळतो तो मासळीबाजारात, खोक्यात, पापलेटाखाली. त्यावर अजून कोणी खेळलेलं नाही.

ही वही खरं तर डॉक्टरांनी रोजचं चालणं लिहायला घ्यायला लावली होती, फेब्रुवारीत, पनवेलला माझ्या छातीत ती बारीक स्प्रिंग बसवली तेव्हा. चालणं काही झालं नाही. वही कोरी राहिली. कोरा कागद पाहिला की बातमीदाराला अपराधी वाटतं, म्हणून इथे सुरभीचं लिहीन म्हणतो.

सुरभी, वय एकोणीस, राज्याच्या महिला संघाच्या संभाव्य यादीत आहे. चाकांच्या बुटांवर लहानपणापासून पळते. खऱ्या बर्फावर आयुष्यात तीन-चारदा उभी राहिली असेल, तीही मुंबईच्या एका मॉलमध्ये, वाढदिवसाला आलेल्या पोरांच्या गर्दीत. निवडणाऱ्यांनी मागच्या वर्षी एवढंच सांगितलं, "पळते छान. फटका नाही." डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला फटक्यांची चाचणी आहे. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पत्र्यावरून, समोर गोलकीपर उभा करून. त्यात निघाली तर जानेवारीत लेहची राष्ट्रीय स्पर्धा. नाही निघाली तर... हे ती परवा भांडी घासताना म्हणाली, नळाकडे बघत. "नाही झालं तर बूट विकून टाकते, बाबा. कंपनीत कुठे लागते का बघू."

मी म्हटलं, बघू. आमच्या घराण्यात या शब्दावर पिढ्या निघाल्या.

५ ऑक्टोबर

रोह्याहून सईद आला. शाळेपासूनचा दोस्त. आम्ही दोघं एकाच बाकावर. मी संस्कृत घेतलं, त्याने दुबई घेतली. तेव्हापासून मी त्याचा शास्त्रीबुवा. तिथल्या मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर तो सतरा वर्षं बर्फ गुळगुळीत करण्याचं यंत्र चालवत होता. कॅनडा-रशियाची पोरं रोज संध्याकाळी त्याच्यासमोर फटके मारायची. मागल्या वर्षी कायमचा परतला. त्याची मुलगी अमीना नर्सिंगला आहे, तिला हॉकीत रस नाही, त्यामुळे त्याचं सगळं ज्ञान माझ्या पोरीच्या वाट्याला आलं.

"सुरभी, बर्फाची काय पण गरज नाय. ती गोरी पोरं पण फटका बर्फावर शिकत नाय. गॅरेजमध्ये शिकतात. बापाच्या गाडीला पोचे पडेपर्यंत."

"आमच्याकडे स्कूटर आहे, काका."

"मग जपून मार."

जागेचा प्रश्न होता. गच्चीवर फटके मारले तर खालच्या बिऱ्हाडाचा जीव जाईल. सईदने हमरापूरच्या हिरामणला फोन लावला. गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे त्याचा. मोसम संपला की मोठी शेड मार्गशीर्षापर्यंत रिकामी असते.

८ ऑक्टोबर

हमरापूर. शेडमध्ये प्लॅस्टरची पांढरी पूड सगळीकडे. उरलेल्या मूर्ती एका बाजूला ताडपत्रीखाली दाटीवाटीने उभ्या, रंग न दिलेल्या. ताडपत्रीतून सोंडांचे उंचवटे दिसतात.

सईदने जुन्या दुकानातून पांढऱ्या सनमायकाचा पत्रा आणला, फळीवर ठोकला, वर मेणबत्ती घासली. त्यावर काळी रबरी चकती ठेवून बोटाने ढकलली. चकती सर्रकन गेली ती भिंतीला लागली. त्याचे डोळे भरून आले असावेत. "अगदी तसंच, शास्त्रीबुवा," एवढंच म्हणाला.

हिरामणने नळीचे गज जोडून चौकट केली, मागे मासे पकडायचं फाटकं जाळं बांधलं. त्याची आई सरूबाय दारात बसून बघत होती. "जाल्यात काय सापडनार रे पोरांनो?"

"लेह," सुरभी म्हणाली.

"खायाचा मासा हाय का तो?"

१५ ऑक्टोबर

रोज संध्याकाळी शेड. सईद गाडीने रोह्याहून येतो, सुरभी कॉलेजातून, मी बातम्यांतून. वडखळच्या खड्ड्यांवर आज पुन्हा लिहिलं. चोवीस वर्षांत खड्डे रुंद झाले, मजकूर तोच. आता कार्यालय म्हणतं, मजकूर नको, खड्ड्यात उभं राहून व्हिडिओ पाठवा.

सईदचं शिक्षण थोडक्यात: फटका हाताने मारायचा नसतो. मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर जायला हवं. खालच्या हाताने काठी जमिनीत अशी दाबायची की ती मधे वाकली पाहिजे. वाकलेली काठी आपण होऊन सुटते, चकती तीच फेकते. आणि शेवटी काठीचं टोक, जिथे मारायचं तिथे रोखलेलं. डोळे चकतीवर नाहीत, समोर.

मनगटासाठी वीट. दोरीला बांधून काठीवर गुंडाळायची, उलगडायची. प्रणिताने वीट पाहिली आणि पावसाळ्यातल्या सगळ्या गोधड्या भिजत घातल्या. "पिळ. हेही मनगटच." सुरभीने पिळल्या. गोधड्यांत थेंब राहिला नाही. मी एक पिळायला घेतली तर दोघी एकदम ओरडल्या. माझ्या हातून बादली सांडेल अशी भीती असावी.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

फटका आला!

असं लिहून ठेवतो, कारण रोज लिहिण्याजोगं घडत नाही. सुरभीने मारला आणि चकती दिसलीच नाही. फक्त जाळं मागे फुगलं आणि पत्रा वाजला. हिरामण बाहेरून धावत आला, त्याला वाटलं शेडचं काही कोसळलं. सईदने सनमायकाभोवती एक फेरी नाचून घेतली, त्याचं पोट आणि माझं पोट एकाच मापाचं आहे हे तेव्हा लक्षात आलं.

"आता समोर कोणतरी पायजे," तो म्हणाला. "मोकळ्या जाळीत गाढवपण गोल करेल. पुण्याला गोलकीपर उभा असनार. माणूस समोर दिसला पायजे, त्याच्या कडेची जागा दिसली पायजे."

भाऊबिजेची ओवाळणी म्हणून मी सुरभीला म्हटलं, गोलकीपर मी शोधून देतो. ती म्हणाली, ओवाळणी भावाने द्यायची असते, बाबा. तपशिलाची फार हौस या मुलीला.

२५ ऑक्टोबर

मी शोधलेला गोलकीपर नामंजूर झाला.

ताडपत्रीखाली एक मोठी मूर्ती आहे, चार फुटी, बैठी. कुणी मंडळाने सांगून नेलीच नाही. डोळे काढलेले नाहीत, रंग नाही. आकार अगदी चौकटीसाठी घडवल्यासारखा. मी हिरामणसमोर पद्धतशीर वाद मांडला. प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, म्हणजे देवत्व नाही. नेत्रही उघडलेले नाहीत. सबब ही शुद्ध माती, किंवा आणखी खरं बोलायचं तर शुद्ध प्लॅस्टर. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सगळं केलं. हिरामणची मान थोडी हललीही.

सरूबाय दारातून म्हणाली, "सोंड हाय ना?"

"सोंड आहे, पण..."

"मग?"

या 'मग'ला कुठल्याच दर्शनात उत्तर नाही.

"आवं भाऊ, आमच्या हातून रोज मोडतंत. कान तुटतो, बोट तुटतं. त्याचं काय नाय, तुटलं तर जोडतो. पन मारायचं म्हनून मारायचं? डोलं नाय काढलं म्हनून त्याला लागनार नाय व्हय? जे आपलं म्हनलं, त्याच्यावर हात उचलत नाय बघा."

सुरभी लगेच म्हणाली, "बरोबर आहे आजीचं." आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की वाद तिथेच मिटला.

मग मीच उभा राहतो म्हटलं. क्रिकेटची पॅड आहेत, स्कूटरचं जुनं हेल्मेट आहे, छातीवर काथ्याची उशी बांधू.

सईद म्हणाला, "तू चहा पी रे बसून." सुरभी म्हणाली, "नको ना बाबा, तुम्ही दमता." फक्त सरूबाय हसली. "पोट हाय. चालंल."

२८ ऑक्टोबर

गोलकीपरीचा आज तिसरा दिवस. खोटं कशाला लिहू, मजा येते. किती वर्षांनी कुठेतरी माझी गरज आहे. नगरपालिकेत माझी गरज नाही, ते पत्रक फोनवर पाठवतात. पेपरातही नसावी. इथे मी नसलो तर जाळं उघडं पडतं.

फक्त सुरभीचे फटके बिघडले आहेत. परवापर्यंतचा तो आवाज नाही. चकती येते ती देवाला फूल वाहावं तशी. आणि बहुतेक चौकटीच्या बाहेरून जाते, डावीकडून किंवा उजवीकडून. मला अजून एकही लागलेली नाही. सईदला म्हटलं, माझं उभं राहणं बरं दिसतंय. तो सनमायका पुसायला लागला.

घरी प्रणिताने विचारलं, "तुम्ही मधे कशाला उभे राहता?"

"मधे उभं राहणं हेच गोलकीपरचं काम."

"हो का," ती म्हणाली. "पनवेलला कधी जायचंय?"

पनवेल म्हणजे ती ट्रेडमिलची तपासणी. जूनमध्येच करायची होती. जूनमध्ये पूर होता, जुलैत दरड, ऑगस्टात गणपती. बातमीदाराला हृदय असायला सवड नसते.

१ नोव्हेंबर

निदान एक: सनमायका. मेण जास्त झालं असावं. खरवडून पुन्हा लावलं. फरक शून्य.

४ नोव्हेंबर

निदान दोन: उजेड. हिरामणने दुसरा दिवा लावला. आता चकती बाहेर जाताना अधिक स्पष्ट दिसते.

७ नोव्हेंबर

निदान तीन: काठी. सईदने टोकाची चिकटपट्टी उसवून नवी गुंडाळली. त्याला मी म्हटलं, तुझा चेहरा असा का? तर म्हणे, "शास्त्री, पट्टीत काय नाय. तुला काय सांगू?" मी म्हटलं, सांग. तो सुरभीकडे बघायला लागला, ती चकतीकडे. शेवटी म्हणाला, गाडीची वेळ झाली. अजून गाडीला बराच अवकाश होता.

तहसील कार्यालयाचा जिना आज दोनदा थांबून चढलो. नवा जिना उंच बांधला आहे. यावर कधीतरी लिहायला हवं.

११ नोव्हेंबर

व्हायचं ते झालं. सुरभीचा एक फटका जरा जोरात निघाला, आणि माझ्या दिशेने. मला वाटलं, आता आली. पण शेवटच्या क्षणी तिने मनगट असं काही वळवलं की चकती चौकटीबाहेरून ताडपत्रीत घुसली. आतून आवाज आला तो सगळ्यांना कळला.

त्याच चार फुटी मूर्तीचा हात गेला. कोपरापासून.

सुरभी काठी टाकून खाली बसली आणि रडायला लागली. इतकी की मला कळेना, ती मूर्तीसाठी रडते की कशासाठी. मी हिरामणची माफी मागायला लागलो. सरूबायने उठून तो हात उचलला, फुंकर मारून पूड उडवली. वाटीत प्लॅस्टर कालवलं, काथ्याची बट घेतली, आणि मी वाक्य संपवेपर्यंत हात जागेवर बसलाही होता.

"रडू नको गो. सांगितला ना, तुटलं तर जोडतो. तू काय मारायला गेलतीस?"

सुरभीने मान हलवली.

"मना म्हायती हाय," सरूबाय म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "भाऊ, पोर जाली बघत नाय. बाप बघते."

अचूक निरीक्षण. घरी येताना स्कूटरवर सुरभीला समजावलं की एकाग्रता हवी, माझ्याकडे लक्षच द्यायचं नाही, मी नाहीच असं समजायचं. मागून तिचा आवाज आला, "नका ना बाबा असं बोलू."

यात काय वाईट बोललो?

१२ नोव्हेंबर

गेलो नाही. अंग जड. सुरभीही गेली नाही. तिने कपाटातून बूट काढून पुसले आणि फोटो काढले. कुणाला पाठवायला ते विचारलं नाही. वस्तू विकायची झाली की लोक आधी पुसतात.

१७ नोव्हेंबर

हे नीट लिहायला हवं.

आज खांब गावाजवळ हायवेवर कंटेनर उलटला. माणूस दगावला नाही, पण वाहतूक बंद. मी तिकडे अडकलो आणि सुरभीला कळवलं की आज मी नाही, सईदकाकाबरोबर सराव कर. परत येताना घरी न थांबता तसाच पुढे हमरापूरला गेलो.

शेडच्या अलीकडेच स्कूटर बंद केली. आतून आवाज येत होता. धाप्प. मग पत्र्याची झिणझिण. पुन्हा धाप्प. मला वाटलं, हिरामणने साचे काढायचं काम सुरू केलं. फटीतून पाहिलं. चौकटीत सईदने भुशाचं पोतं टांगलं होतं, त्यावर माझंच हेल्मेट. सुरभी काठी वाकवून मारत होती आणि पोतं दर वेळी मागे लोटलं जात होतं. एक फटका पोत्याच्या बगलेतून, एक वरच्या कोपऱ्यात, एक सरळ पोटात. भुसा उडत होता. सईद ओरडत होता, "आता कसा! आता कसा!" सुरभी हसत होती. किती दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं.

मी आत गेलो. म्हटलं, वा! आला की फटका परत. पोतं काढा, मी उभा राहतो.

पॅड बांधली. उशी बांधली. उभा राहिलो.

फूल आलं. डावीकडून बाहेर.

रात्रीचं जेवण झाल्यावर कोपऱ्यात बसून मी हे न्यायशास्त्राप्रमाणे मांडलं. संस्कृतात शिकलेलं कधीतरी उपयोगी पडावं. कारण शोधायचं तर अन्वय आणि व्यतिरेक. जिथे ते असतं तिथे हे होतं, जिथे ते नसतं तिथे हे होत नाही, तर ते ह्याचं कारण.

मेण होतं तेव्हाही फटका नव्हता, नव्हतं तेव्हाही. दिवा एक, दिवे दोन, तेच. पट्टी जुनी, नवी, तेच.

मोकळी जाळी असताना फटका होता. पोतं असताना होता. मूर्तीवर चकती गेली तेव्हा ती कुणाला चुकवून गेली?

प्रणिताने विचारलं, काय लिहिताय एवढं. म्हटलं, न्याय.

"कुणाला मिळाला?"

"अजून नाही."

मग ती जवळ बसली आणि म्हणाली, "फेब्रुवारीत तुम्ही आत होतात ना, तेव्हा ती दवाखान्याच्या बाहेर रस्त्यावर चाकांवर फेऱ्या मारत होती. तीन तास. थांबली की रडायची म्हणून थांबतच नव्हती. तुम्हाला सांगितलं नाही."

माझं हे अनुमान इथवर यायला मला तीन आठवडे लागले. घरातल्या दोघींना, रोह्याच्या सईदला आणि अक्षरशत्रू सरूबायला पहिल्या संध्याकाळीच समोर दिसत होतं.

२० नोव्हेंबर

पनवेल. ट्रेडमिल.

छातीला वायरी चिकटवतात आणि एका पट्ट्यावर चालायला लावतात. पट्टा मागे पळतो, आपण पुढे चालतो, आणि पोचत कुठेच नाही. तंत्रज्ञ म्हणाला, पहिल्यांदाच का? म्हटलं, छे, चोवीस वर्षं पत्रकारितेत आहे.

वेग वाढवला तेव्हा मात्र विनोद सुचेनात. घाबरलो होतो. इतके महिने जिना उंच आहे असं स्वतःला सांगत आलो, ते या खोलीत यायला नको म्हणून. दवाखाना टाळला की आजार टळतो, हा हेत्वाभास मी शाळकरी पोरांना हसत शिकवला असता.

डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे. वजन ठीक नाही. धाप लागते ती बसून बसून. चाला. मी विचारलं, समजा कुणी छातीवर काही फेकलं तर? ते म्हणाले, राजकीय बातम्या करता का? मग खरं काय ते सांगितलं. उशी जाड बांधा म्हणाले, गोळ्यांमुळे रक्त पातळ आहे, डाग मोठा पडेल, बाकी काही नाही.

घरी येऊन सांगितलं. प्रणिता उठून आत गेली. सुरभीने दोनदा विचारलं, "नक्की? शब्द काय वापरला त्यांनी?" तपशिलाची हौस.

फेब्रुवारीपासून पहिल्यांदा आज आमटीत मीठ होतं.

२९ नोव्हेंबर

मधले दिवस सुरभीने पोत्यावर मारले, मी चालायला गेलो. पोतं आता फाटलं आहे, मीही तसाच. पण आज मी म्हटलं, पोतं पुण्याला नसणार. तिथे माणूस असेल, त्याला डोळे असतील, आणि तो कुणाचा तरी बाप किंवा कुणाची आई असेल. येत्या आठवड्यात निघायचंय. मी उभा राहतो.

मार्गशीर्ष लागल्याने हिरामणने साचे काढले आहेत. प्लॅस्टरच्या गोणींची थप्पी चौकटीच्या मागेच. मी पॅड बांधली. उशीवर प्रणिताने स्वतः आणखी एक उशी बांधली आणि गाठ अशी आवळली की श्वास अडला. आज तीही आली होती. गोणीवर बसली, हात घट्ट बांधून.

पहिला, डावीकडून बाहेर. दुसरा, उजवीकडून.

"सुरभी," मी म्हटलं.

"येतंय ना बाबा, जरा थांबा."

"मला वाचवू नकोस."

ती काठीचं टोक सनमायकावर घासत राहिली. हेल्मेटच्या आतून मला माझाच श्वास ऐकू येत होता. सईद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मला तपासून आणलंय. छाप मारून. बाजारात नेतात त्या बैलासारखं. आता तरी मार."

"नाही होत हो," ती म्हणाली. आवाज लहानपणीचा.

दारातून सरूबाय ओरडली, "मार गो! बाप हाय, मूर्ती नाय!"

सुरभीने मान वर केली. या वेळी तिने चकतीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, सरळ. पाय बदलला. काठी वाकली, मला दिसली वाकताना, धनुष्यासारखी वगैरे लिहिणार होतो, पण काठीसारखीच वाकली.

चकती मला दिसली नाही. छातीवर दार आपटावं तसं काहीतरी आलं आणि मी प्लॅस्टरच्या गोणींवर बसलो. एक गोणी फुटली. पांढरा ढग उठला आणि बराच वेळ मला कोणी दिसेना, कोणाला मी दिसेना. ढगातून फक्त आवाज: "बाबा! बाबा!"

"अडवला," मी म्हटलं.

ढगातून आधी सुरभी आली, मग प्रणिता. प्रणिताने माझी छाती चाचपली, मग दोन्ही उशा, मग मला एक चापट मारली, दंडावर, जोरात. सईद नाक पुसत म्हणाला, "हिच्या हाताची काय, तिच्या चकतीची काय, दोघींची ताकत सारखीच हाय."

सरूबाय माझ्याकडे बघून म्हणाली, "आता रंग तेवढा द्यायचा बाकी हाय."

त्यानंतर सुरभीने आणखी मारले. मी उभाच होतो. एक-दोन अडवले, बाकीचे माझ्या काखेखालून, कानावरून, पायांमधून जाळ्यात. आवाज तो, भाऊबिजेचा. बाहेर एकही नाही.

५ डिसेंबर

सुरभी पुण्याला प्रणिताबरोबर. मलाही चला म्हणाली होती. म्हटलं, कासूला एक बातमी आहे. कासूला काही बातमी नाही. स्टेशनच्या बाकावर बसून दुपारची एक गाडी येताना पाहिली, एक जाताना. मी तिथे असलो तर ती पुन्हा प्रेक्षकांत बाप बघेल, असं वाटलं. खरं कारण इतकंच की माझ्यात दम नव्हता.

फोन आला तेव्हा मी फलाटावर चालत होतो.

"बाबा, झालं. लेह."

मी बातमीदाराचा प्रश्न विचारला. तपशील?

"पहिला गेला बाहेर. त्यांची गोलकीपर आलीच नाही ना, मग एक सर उभे राहिले. तुमच्याच वयाचे. चष्मा, पोट, सगळं."

"मग?"

"मग काय." ती हसली. "मग मारलं."

सईदला कळवलं. त्याने फोनवर काय म्हटलं ते अर्धं अरबी होतं. हिरामण म्हणाला, पुढल्या वर्षी ती चार फुटी मूर्ती रंगवून तुमच्याच घरी बसवू. प्रणिताला हे सांगायचं कसं ते बघायला हवं, आमचं घर दोन खोल्यांचं.

७ डिसेंबर

दोघी परत आल्या. सुरभी बूट पुसत बसली आहे, या वेळी फोटो न काढता.

छातीवरचा डाग खरंच मोठा पडला. आधी जांभळा होता, मग निळा, आता कडेने पिवळा होत चालला आहे. जिना चढताना जरा ठणकतो. प्रणिताने आंबेहळद उगाळून आणली, सहाणेसकट.

म्हटलं, राहू दे. आणखी थोडे दिवस.